रुपयावरचं बाबासाहेबांचं पुस्तक सुटं आणि नीट छापा

मा. संपादक साहेब,
नमस्कार आणि जय भीम.

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडनच्या पी. एस. किंग यांनी १९२३ साली छापला, म्हणजे त्याला शंभर वर्षं होऊन गेली. शताब्दीला भाषणं झाली, सगळ्यांचे स्टेटस लागले, पण एम.ए. अर्थशास्त्राच्या पोराला हे पुस्तक वाचायला दे म्हटलं तर नेमकी कुठली प्रत द्यायची हा प्रश्न आजही आहेच. सरकारच्या लेखन आणि भाषणे मालिकेत ते सहाव्या खंडात आहे, पण सोबत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरचा प्रबंध, प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ आणि बाकीचे लेखही आहेत, त्यामुळे भला मोठा ठोकळा झालाय आणि तोही पाहिजे तेव्हा मिळेल याची खात्री नाही. या खंडांची छपाई रखडल्याची बातमी २०२१ मध्ये आली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. बाबासाहेबांचे ग्रंथ छापा हे महाराष्ट्रात कोर्टाला सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग लोक ऑनलाइन मागवतात. मीपण एक मागवलं, कव्हर चकाचक, आत बघतो तर जुन्या पानांचं स्कॅन मशीनला वाचायला लावून तसंच्या तसं छापलेलं. चांदीच्या भावाच्या कोष्टकात ३ चा ८ झालेला, शेवटचा रकाना मार्जिनमध्ये कापला गेलेला, तळटीपा मजकुरातच घुसलेल्या. कादंबरीत एखादं अक्षर चुकलं तर वाचणारा सावरून घेतो, पण या पुस्तकाचा सगळा युक्तिवादच आकड्यांवर उभा आहे. रुपया तेव्हा चांदीचा होता, १८७० नंतर चांदीचा भाव पडत गेला आणि जो रुपया साधारण दोन शिलिंगांचा (शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग) होता तो १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला, आणि होम चार्जेस, म्हणजे इथल्या सरकारच्या इंग्लंडमधल्या खर्चाचे पैसे, तर पौंडातच भरायचे, म्हणजे तेवढ्याच पौंडांसाठी इथल्या रयतेकडून जास्त रुपये वसूल करायचे. पुढे १८९३ ला लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टाकसाळींनी बंद केलं आणि त्यातूनच सुवर्ण विनिमय पद्धत आली, म्हणजे नाणं चांदीचंच पण त्याचा भाव सरकारनं सोन्याच्या पौंडाशी बांधलेला. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये तिची तरफदारी केली होती आणि बाबासाहेबांनी त्यांनाच उलट सवाल केला, की रुपये किती पाडायचे याला बंधनच नसेल तर महागाई कोण रोखणार, आणि तिची झळ शेवटी गरिबालाच बसणार ना? आकडे चुकीचे छापले तर विद्यार्थ्याला हे पटणार कसं?

रिझर्व्ह बँक या पुस्तकामुळे झाली एवढा एकच मेसेज दरवर्षी १४ एप्रिलला फिरतो. रिझर्व्ह बँक काढायची शिफारस करणाऱ्या १९२५-२६ च्या हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली होती हे खरंच आहे, पण पुस्तकात नेमकं काय मांडलंय, त्यांचे गाइड प्रा. कॅनन यांनी प्रस्तावनेत कौतुक करतानाच कुठे असहमती दाखवली, हे वाचायला मिळालं तर पोरं मेसेजच्या पुढे जाऊन बोलतील.

आणि हे दुखणं आजचं नाही. १९४७ ला थॅकर कंपनीनं दुसरी आवृत्ती 'हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग' या नावानं काढली, तिच्यात बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय की पुस्तक वर्षा-दोन वर्षांतच संपलं होतं, मागणीही होती, पण कायदा आणि राजकारणाच्या कामात नवी आवृत्ती काढायला वेळच मिळाला नाही. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या भागात लिहायचा होता, तो तर राहूनच गेला.

माझं म्हणणं एवढंच की हे पुस्तक सुटं छापा. १९२३ आणि १९४७ च्या दोन्ही प्रती समोर ठेवून प्रत्येक कोष्टक तपासा, मागे इंडेक्स द्या, आणि शिलिंग-पेन्स, कौन्सिल बिलं म्हणजे काय हे सांगणाऱ्या थोड्या टिपा मराठीत द्या. पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहे असं कुणी म्हणेल, आहेच, चांगलंच आहे, पण कोष्टकं मोबाइलवर वाचून बघा एकदा. कॉपीराइटचीही अडचण राहिलेली नाही, महापरिनिर्वाणाला साठ वर्षं झाल्यावर २०१७ पासून हे लेखन सगळ्यांना खुलं आहे, त्यामुळे सरकारी प्रेसची वाट बघत बसायची गरज नाही, आपल्या एखाद्या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागानं मनावर घेतलं तरी होईल. ते झालं की पाठोपाठ १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथही घ्यावा, केंद्र आणि राज्यांच्या पैशाच्या वाटणीवर आज एवढं भांडण चाललंय, त्याची मुळं त्यात सापडतात.

तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक लांबून येऊन पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात, त्या स्टॉलवर ही आवृत्ती परवडेल अशा किमतीत मिळाली पाहिजे.

आपला,
एक अर्थशास्त्र शिक्षक, परभणी