लोला फ्लोरेस आणि कोप्ला

स्पेनमधील हेरेथमध्ये जन्मलेल्या लोला फ्लोरेस (१९२३–१९९५) यांना सरसकट ‘फ्लामेन्को’ (दक्षिण स्पेनची गाण्या-नाचाची परंपरा) गायिका म्हणणे अपुरे आहे. त्यांचा मुख्य प्रांत कोप्ला, म्हणजे कडवी-ध्रुवपदांत बांधलेली, वाद्यवृंदावर गायिलेली तीन-चार मिनिटांची कथा. शब्द पुसट झाले की कोप्ला पडलीच. उलट फ्लामेन्कोत ताल महत्त्वाचा: त्यातल्या बुलेरिया या गानप्रकाराचे आवर्तन बारा मात्रांचे. आघात तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. त्रितालासारखी सम पहिल्या मात्रेवर शोधणारा तिथे हमखास चुकतो. फ्लामेन्को गायक मानोलो काराकोल यांच्या जोडीने लोला यांनी हे दोन्ही बाज रंगमंचावर एकत्र आणले. ‘एम्ब्रुखो’ (१९४७) चित्रपटात ही जोडी पाहता येते. १९५१ मध्ये जोडी फुटली, मग लोला यांचे मेक्सिकोतही नाव झाले. त्यांचा गळा फार मोठा नव्हता. पण हात, डोळे आणि नेमके थांबे!

– एक वाचक, पुणे