पणजीच्या ब्रशवाल्या ताई, मनापासून थँक्यू

ताई, नमस्कार.

पणजी मार्केटजवळच्या तुमच्या दुकानात दिवसभर गर्दी असते त्यामुळे मी लक्षात असेन असं नाही, पण माझी मुलगी नक्की असेल. फोंड्याची, दुसरीतली, जिचे केस बघून तुम्ही "अगो बाय, हे कोणावर गेले?" विचारलेलं ती. (माझ्या आईवर गेलेत.) बायकोची सकाळची ड्युटी बांबोळीला, घरातून लवकर निघावं लागतं, म्हणून शाळेच्या दोन वेण्या हे खातं माझ्याकडे. आणि ते केस म्हणजे काथ्याचा गठ्ठा, मुळाशी तेलकट आणि खाली शेंड्यांना कोरडे ठक्क.

मी तुमच्याकडे आलो तो मोबाईलवर एक महागडा ब्रश बघून, "तसाच द्या" म्हणत. दुसरा कोणी असता तर देऊन मोकळा झाला असता. तुम्ही आधी विचारलंत, "घरात सोवळं-ओवळं काही पाळता का? कारण हे डुकराचे केस आहेत." खरं सांगतो, पाकिटावर 'बोअर ब्रिसल' वाचून माझ्या डोक्यात काहीच पेटलं नव्हतं. पैसे घेण्याआधी हे तोंडावर सांगितलंत आणि नको असेल तर नायलॉनचा किंवा झाडाच्या तंतूचा असतो तो बघा म्हणालात, यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. आईला घरी विचारलं तर ती म्हणाली देवाच्या खोलीत नेऊ नका म्हणजे झालं, बाकी मला काय त्याचं. विषय संपला. पण हे नंतर कळलं असतं तर घरात केवढं महाभारत झालं असतं ते मला माहीत आहे.

मग तुम्ही पोरीला स्टुलावर बसवलंत. पहिला ब्रश मऊ, केस एकाला एक चिकटून भरलेले, दिसायला एकदम भारी. तो तिच्या टाळूवर टेकवून विचारलंत "लागतंय का गो?" तर ती म्हणाली "नाही". तुम्ही म्हणालात बघा, हा वरच्यावर फिरणार, आतले केस तसेच राहणार, हा पातळ केसांचा. दुसऱ्याचे केस राठ होते, झुबके सुटे सुटे आणि प्रत्येक झुबक्याच्या मधून एक लांब नायलॉनची काडी वर आलेली. तुम्ही अंगठ्याच्या नखाने झुबके बाजूला करून मधली मोकळी जागा दाखवलीत. तो टेकवला तशी ती खांदे वर करून हसायला लागली, "आत्ता लागतंय!" नायलॉन वाट काढतं आणि ब्रिसल मागून तेल नेतं, एवढ्या एका वाक्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. लंडनच्या मेसन पिअर्सनने 1885 मध्ये रबरी गादीचा ब्रश काढला आणि त्यांच्याकडे पण दाट केसांना असा मिक्स असतो, हे तुम्ही सांगितलंत खरं, पण लगेच "तेवढे पैसे घालायची काय गरज नाही" हे पण सांगितलंत. असं बोलणारा दुकानदार मला तरी दुसरा भेटलेला नाही.

बाकी जे सांगितलंत ते सगळं तसंच चाललंय. आधी जाड दातांचा कंगवा, तो पण शेंड्यापासून सुरू करून हळूहळू वर, कारण गुंता सोडवणं हे ब्रशचं कामच नाही. मग केसांचे चार भाग, एकेक भाग हातात धरून टाळूपासून पार टोकापर्यंत एकच लांब हात. ओल्या केसांना तर अजिबात नाही, ओला केस ताणला जातो आणि तुटतो. रोज शंभर हात मारायचे हे बायका सांगतात ते पण सोडा म्हणालात, उगाच घासून केसांना फाटे फुटतात. काही हात फिरवले की बास. टाळूचं तेल शेंड्यांपर्यंत पोचायला लागलं तसे खालचे केस आता कमी पिंजारतात, आणि आपल्या दमट हवेत हे म्हणजे काय ते गोंयकाराला वेगळं सांगायला नको. खोबरेल चोपडून मात्र लगेच ब्रश नाही, ब्रश चिकट होतो आणि धूळ धरतो. म्हणून रविवारी तेल, मग न्हाणं, आणि केस पूर्ण सुकले की ब्रश.

धुवायचं पण लक्षात आहे. अडकलेले केस कंगव्याच्या टोकाने काढायचे, शॅम्पूच्या फेसात फक्त ब्रिसल बुडवायचे, लाकूड नाही, आणि ब्रशच्या रबरी गादीच्या त्या बारीक भोकातून पाणी आत जाऊ द्यायचं नाही. मग पालथा घालून पंख्याखाली. पावसाळ्यात कपाटात बंद करून ठेवला तर बुरशी येईल म्हणालात म्हणून खिडकीपाशी खिळा मारून टांगलाय, बायकोला तो खिळा आवडलेला नाही पण असू दे.

आणि उवांचं सांगितलंत ते बरं झालं. शाळेत साथ आली तेव्हा ब्रश सरळ बाजूला ठेवला, बारीक दातांची फणी काढली. ब्रश उकळत्या पाण्यात घालता येत नाही, लाकूड आणि गादी दोन्ही गेलं असतं. पोरीला सांगून ठेवलंय, मैत्रिणींना रिबन दे, ब्रश नाही.

आता एक विनंती. शेजारच्या वहिनी वेण्या बघून मागे लागल्यात, शनिवारी तुमच्याकडे येतील. त्यांचे केस पातळ आहेत, आमच्यासारखाच पाहिजे म्हणून हट्ट धरतील, देऊ नका, तो पहिला मऊवाला दाखवा. आणि त्या श्रावण पाळतात, तेव्हा कशाचे केस ते आधीच सांगा.

तुमचा,
फोंड्याचा वेणीवाला बाबा