वाळूचा हौद झाकण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सोसायटी, इंदिरानगर, नाशिक

महोदय,
स. न. वि. वि.

रविवारी सकाळी नात घसरगुंडीखालच्या हौदात किल्ला करत होती. तिच्या प्लास्टिकच्या फावड्यावर वाळूत घोळलेली मांजराची घाण आली. मी धावले, तोवर बोट तोंडात गेलेलं होतं.

कुत्र्या-मांजरांच्या पोटात टोक्सोकारा नावाचे जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिली की आत अळी तयार होते. अंडं मुलाच्या पोटात गेलं की अळी बाहेर पडून अंगभर हिंडते, आणि कधी कधी डोळ्यात जाऊन बसते. बहुधा एकाच डोळ्यात. त्यामुळे मूल तक्रारच करत नाही; डोळा तिरळा दिसायला लागल्यावर आपलं लक्ष जातं. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ४६ डोळे तपासले, त्यांतले बरेच कॅन्सरच्या संशयाने काढलेले. २४ डोळ्यांत अशाच गोल जंतांच्या खुणा निघाल्या. हे वाचल्यापासून मला तो हौद बघवत नाही.

गेल्या मीटिंगमध्ये मांजरं पोत्यात घालून धरणाकडे सोडायची सूचना आली होती. ती सोडाल, दुसरी येतील. मऊ वाळू तीच. फिनाईल शिंपडूनही ही अंडी मरतील असं धरून चालू नये. घाण रोजच्या रोज उचलायला हवी. पार्किंगमधल्या कुत्रीच्या पिल्लांना जंताचं औषध द्यायला हवं, कारण पिल्लांना जंत आईच्या पोटातच लागतात. खर्च वर्गणीतून झाला तर उत्तम, नाहीतर माझ्याकडून घ्या. त्यांना खाऊ घालणाऱ्यांशी भांडण नको, फक्त जागा बदला. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून लांब असावी असंच आहे.

सी विंगच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण पावसाळ्यापासून फुटकं आहे, तेही बघा. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा दुसरा परजीवी पसरतो, तोही डोळ्याच्या पडद्यावर जातो. २००४ मध्ये कोइमतूरला त्याची साथ आली, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्याच्या साठ्यावरच होता.

हौदासाठी कांद्याच्या ढिगावर टाकतात तसली जाड ताडपत्री माझ्या भावाकडे पडून आहे. शनिवारी आणते. संध्याकाळी मुलं गेली की ती ओढून कडेला विटा ठेवायचं वॉचमनला तेवढं आपण सांगा.

आपली,
बी विंग, दुसरा मजला