बॅगेचे सगळे कप्पे बघ

सोनू,

काल तू फोन कट केलास ते बरोबरच केलंस, मी "गांजा" म्हणाले ते चुकलं माझं. डॉक्टरने लिहून दिलेलं गांजापासूनचं औषध आहे ते, मला माहितीये. ऑपरेशननंतर दीड वर्ष तू रात्र रात्र भिंतीला धरून उभा असायचास, ते मी आणि छकुलीनेच बघितलंय, आता झोपतोस ह्याहून मला काय पाहिजे.

पण "माझ्याकडे प्रिस्क्रिप्शन आहे" हे वाक्य परत परत म्हणू नकोस रे. प्रिस्क्रिप्शन तुझ्या देशापुरतं. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या त्या खुल्या सीमांच्या देशांत, फिरताना ते डॉक्टरचं आणि सरकारी शिक्क्याचं सर्टिफिकेट चालतं, तेही 30 दिवसांपर्यंतच, आणि तू ह्या वेळी शेंगेनबाहेर चाललायस. सिडनीला स्वतःच्या उपचारासाठी तीन महिन्यांपर्यंतचं औषध डॉक्टरच्या पत्रासकट नेता येतं, हे तूच शोधून काढलंस, मला कौतुक वाटलं, पप्पांना पण वाचून दाखवलं. पण तिकीट सिंगापूरवरून आहे ना! तिथे थोडंसं सापडलं तरी दहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि नुसतं विमान बदलायला उतरलास म्हणून कायदा बदलत नाही. दोन्ही टोकांना चालतं आणि मधल्या चार तासांत चालत नाही, ह्यानेच माझी झोप गेलीये.

ती ब्रिटनी ग्रायनर आठवते ना, बास्केटबॉलची. फेब्रुवारी 2022, मॉस्कोचं विमानतळ, बॅगेत व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची काडतुसं, त्यात गांजाचं तेल एक ग्रॅमसुद्धा नव्हतं. अमेरिकेत डॉक्टरने लिहून दिलेलं होतं. तरी नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली, म्हणजे जवळपास दहा महिने आतच. घाईत बॅग भरली, राहून गेलं, असं सांगितलं होतं तिने. घाईत. तू बॅग कशी भरतोस ते मला माहितीये.

तिकीट बदलता येतंय का बघ. नाहीतर डॉक्टरला विचार, तेवढ्या दिवसांपुरतं दुसरं काही देतील का किंवा सिडनीतच तिथल्या डॉक्टरकडून मिळेल का. आपल्या मनाने बंद मात्र करू नकोस. ज्या ज्या देशात उतरणार त्यांच्या दूतावासाला मेल टाक आणि उत्तर प्रिंट काढून ठेव. आणि कुठे अडवलंच तर आधी वकिलातीला कळवा म्हण, 1963 च्या व्हिएन्ना करारात तो हक्क आहे, त्यांनी तुला तो सांगायलाच पाहिजे. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नकोस.

बघ, लेक्चर झालंच. नको म्हणून बसले होते लिहायला. तू सहावीत कॅम्पला गेलास तेव्हा मी शर्टाच्या खिशात गोळ्यांची यादी शिवून दिली होती, तू ती तशीच परत आणलीस, टाक्यासकट. गोळ्या मात्र वेळेवर घेतल्या होत्यास, सरांनी सांगितलं. तेव्हापासून मला ठाऊक आहे तू विसरत नाहीस, तरी भीती जात नाही.

मामाच्या वेळेला पण कुणी विचारायला नव्हतं, म्हणून.

ती काळी बॅग नेणार असशील तर तिचा बाजूचा कप्पा उलटा करून झटक, मागच्या उन्हाळ्यात तू त्यात जुनं व्हेप ठेवलं होतंस, मी बघितलं होतं. आणि झटकल्यावर मेसेज कर, रात्रीचे दोन वाजले तरी.

आई