बाबांची तंबाखू आणि आईची मशेरी

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की तुम्ही लगेच पावसापाण्याचं विचारता, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा म्हणतात मी कुठे बिडी ओढतो, नुसती चिमूट धरतो ओठाखाली. आणि आई तू तर मशेरीला तंबाखू म्हणायलाच तयार नाहीस, अगं ती भाजलेली तंबाखूच आहे.

बिडीचा धूर फुफ्फुसातून रक्तात जातो आणि निकोटिन, म्हणजे तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य, 10-20 सेकंदात मेंदूत पोचतं, म्हणून ओढणाऱ्याला लगेच तरतरी येते. ओठाखालच्या तंबाखूतलं तोंडाच्या नाजूक कातडीतून सावकाश शोषलं जातं, रक्तातलं प्रमाण अर्ध्या तासाने वगैरे सगळ्यात जास्त होतं पण मग उतरायलाही वेळ लागतो, त्यामुळे दिवसभर बार भरणाऱ्याच्या अंगात बिडीवाल्याएवढंच जाऊ शकतं. आणि बाबा तुम्ही तळहातावर अंगठ्याने चुना लावून मळता ना, त्या चुन्यानेच निकोटिन मोकळं होतं आणि कातडीतून भराभर आत जातं. थुंकलं म्हणजे गेलं असं नाही हो, थुंकेपर्यंत ते रक्तात गेलेलं असतं. त्याने नाडी आणि बीपी दोन्ही वाढतं, एकीकडे बीपीची गोळी घ्यायची आणि वर हे.

आई, सकाळी चहा उकळेपर्यंत हिरड्यांवर बोट फिरवत बसतेस, नाही लावली तर डोकं धरतं म्हणतेस. ते दुखणं नाही, तलफ आहे, मेंदूला रोजचं निकोटिन मिळालं नाही की तो तसंच करतो.

सोडायला निकोटिनचे पॅच, म्हणजे अंगावर चिकटवायच्या पट्ट्या, आणि च्युइंगगम मिळतात. पॅच कातडीतून इतकं हळू सोडतो की ती तरतरी येत नाही, फक्त तलफ दबते. गम चघळत राहायचा नाही, झिणझिणलं की गालात ठेवून द्यायचा, आणि आधी पंधरा मिनिटं चहा नाही, चहाने तोंडात आम्लपणा येतो मग ते नीट शोषलं जात नाही. पण बीपी आहे म्हणून डॉक्टरांना विचारूनच, किंवा 1800112356 ला फोन लावा, फुकट आहे, सरकारचाच नंबर आहे.

आणि बाबा, उद्या उजेडात आरसा घेऊन खालचा ओठ ओढून बघा, जिथे चिमूट धरता तिथे पांढरा चट्टा आहे का, न दुखणारी जखम आहे का, तोंडात तीन बोटं उभी जातात का. आईनेही हिरड्या बघायच्या. काहीही वेगळं दिसलं तर मला त्याच दिवशी सांगा, मी रजा टाकून येते आणि आपण दाखवून घेऊ.

तुमची लेक