‘जशी आहे तशी’ म्हटलं की जबाबदारी संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर, कॉन्टेसा, पहिल्या पिढीची मारुती ८०० या गाड्यांना पुण्यात पुन्हा गिऱ्हाईक आहे. बंगल्याच्या पोर्चमध्ये वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी बाहेर निघते, धुऊन-पुसून तिचे फोटो काढले जातात आणि जाहिरातीच्या शेवटी तीन शब्द येतात: ‘जशी आहे तशी’. विकणाऱ्याला वाटतं, आता आपल्याला कोणी काही विचारू शकत नाही. घेणाऱ्याला वाटतं, काही निघालंच तर ग्राहक न्यायालय आहेच. दोघंही चुकतात, आणि व्यवहार बिघडल्यावर दोघांच्याही हे उशिरा लक्षात येतं.

घरची गाडी एकदाच विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाची वाट सहसा बंद असते. १९३० च्या मालविक्री कायद्यातही अशा व्यवहारात मालाच्या दर्जाची हमी आपोआप गृहीत धरलेली नाही. पाहून-पारखून घेणं हे घेणाऱ्याचंच काम. पण म्हणून विकणारा सुटला असं नाही. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १७ जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावं. त्यात उदाहरण घोड्याचं आहे. घोड्यात खोट आहे हे मालकाला ठाऊक आहे, तो लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण गिऱ्हाईक म्हणालं, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडं धडधाकट आहे असं मी धरतो’, आणि तरीही मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. दीडशे वर्षांपूर्वीचा घोडा आजच्या फियाटलाही लागू आहे.

म्हणून इसार देण्याआधी प्रश्न लेखी विचारावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तरी चालतील. मोठा अपघात झाला आहे का? इंजिन बदललं आहे का, आणि बदललं असेल तर त्याची नोंद आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आहे का? तळाचा पत्रा कापून तुकडे लावले आहेत का? कर्जाचा बोजा आहे का? आरसीवर ज्यांचं नाव आहे ते हयात आहेत का? खाली एक वाक्य जोडावं: ‘यातल्या कशाला तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर सगळं ठीक आहे असं समजून पैसे देतो.’ विकणाऱ्यानेही याचा राग मानू नये. खरं उत्तर लिहून दिलं की पुढच्या कटकटीतून तोच वाचतो.

मात्र याच कायद्याच्या कलम १९ मध्ये घेणाऱ्यालाही बजावलं आहे. साधी काळजी घेतली असती तर जे कळलं असतं, त्याबद्दल नुसत्या ‘तो बोलला नाही’ या कारणावर करार मोडता येत नाही. ही साधी काळजी म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

सुरुवात पत्र्यापासून करावी, इंजिनापासून नको. इंजिन बांधून मिळतं आणि सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे, पण कुजलेली बॉडी सरळ करणं हे सगळ्यांत खर्चिक काम. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडर या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. तळपत्रा आणि दाराखालची पोकळ पेटी हाच त्यांचा कणा. काचेचं रबर कडक झालं की पाणी कार्पेटखाली जातं, दाराखालची निचऱ्याची भोकं मातीने बुजतात आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. कार्पेट उचलून अंगठ्याने दाबून पाहावं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकलं की चांगला पत्रा खणखणतो, पुट्टी भरलेली जागा बद्द वाजते. रुमालात गुंडाळलेला लहान लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवावा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. बॅटरीखालचा ट्रे अ‍ॅसिडने खाल्ला आहे का तेही पाहावं. तळाला नुकताच काळा थर मारलेला असेल तर तो का मारला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग एका बाजूच्या जॅकच्या जागेवर गाडी थोडी उचलून त्याच बाजूचं दार उघडून लावून पाहावं. जमिनीवर नीट लागणारं दार आता अडत असेल, तर कणा खचला आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं हे मालकाला आधीच सांगून ठेवावं आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहावा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढुरका साका असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरत असू शकतं, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, हेड गॅस्केट, गेल्याचा संशय. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरचं मोजून घ्यावं. आपसांत १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर दोष बहुधा रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. नंतर गाडी शहराजवळच्या बापदेव घाटात न्यावी. संध्याकाळच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर वर जाताना पाण्याच्या तापमानाचा काटा चढतच राहिला, तर बहुधा रेडिएटर तुंबला आहे किंवा वॉटर पंप गेला आहे. उतारावर ब्रेकचं पेडल धरून ठेवावं. ते हळूहळू खाली जात असेल तर ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर किंवा चाकातला सिलिंडर गळतो आहे. एकेरी मास्टर सिलिंडरच्या जुन्या गाडीत एक जागा फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सरसकट बदलाव्यात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या फुगतात, चिरतात आणि इंजिनाच्या उष्णतेजवळ ठिबकू लागतात. टायरवरचा चार आकडी कोड वाचावा. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीन दिसली म्हणून टायर नवीन होत नाही.

आता कागद. इथे खरा धोका विकणाऱ्याला आहे आणि तोच सगळ्यांत बेफिकीर असतो. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० या अर्जांवर कोऱ्या सह्या करून गाडी द्यायची, ‘नावावर करून घ्या सावकाश’, ही आपल्याकडची जुनी खोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी पुढे कितीही हातांतून गेली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली ताबा पावती दोन प्रतींत करावी आणि नोंद बदलेपर्यंत पाठपुरावा विकणाऱ्यानेच करावा. गाडी व्यापाऱ्याकडे देत असाल तर तो अधिकृत आहे का ते पाहून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचा नमुना २९ सी भरावा. आरसी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर आधी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर करायची, मगच विकायची. वडिलांची सही मुलाने मारणं ही खोटी सही आहे, तिला दुसरं नाव नाही.

नोंदणीची मुदतही पाहावी. १९९८ ची पद्मिनी २०१३ ला पंधरा वर्षांची झाली. तेव्हा आणि पुढे दर पाच वर्षांनी, म्हणजे २०१८ आणि २०२३ ला, नूतनीकरण व्हायला हवं. ते राहिलं असेल तर शुल्क, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड कोणी भरायचा हे भावातच ठरवावं. आणि ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घेतलेला असेल, तर ती रोज ऑफिसला नेता येत नाही. तो नंबर प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरता असतो, आणि अशी गाडी विकल्यावर ९० दिवसांत कळवावं लागतं. चासी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी तर त्या नोंदणीला पात्रच ठरत नाही.

एक विनंती आपल्याला. आपल्या छोट्या जाहिरातींत जुन्या गाडीसोबत तीन गोष्टी सक्तीने छापाव्यात: नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, आरसी विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळतो का. त्यासाठी जाहिरातीत फार तर एक ओळ वाढेल.

आपला,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे