नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लाव

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मार्क 2 अँबॅसॅडरच्या तीन तक्रारी कळल्या. चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते, रात्री हेडलाइट पिवळे पडतात, आणि सातारला परतताना खंबाटकीच्या चढावर गरम झाली की बंद पडते. त्यावर वायरमननं नवी बॅटरी, नवा डायनामो (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) आणि नवी कॉईल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) असा सरळ हिशोब सांगितला. थांब जरा. तिन्ही वस्तू धडधाकट असूनही या तिन्ही तक्रारी येऊ शकतात. ही गाडी मुळात मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीची तिसरी सीरीज, वायरिंग सगळी लुकास या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची. साधी आणि समजायला सोपी. पण इतक्या वर्षांत तिच्यात किती हात गेले असतील देव जाणे, त्यामुळे रंगांवर डोळे झाकून विसंबू नकोस. मूळ पद्धतीत तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी म्हणजे चावी लावल्यावर चालू, हिरवी म्हणजे तीच पण फ्यूजमधून आलेली, काळी म्हणजे अर्थ (earth), म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली. तुझ्या गाडीत एखादी हिरवी अचानक घरगुती वायरिंगची लाल झालेली दिसली, तर तपास तिथूनच सुरू कर.

हत्यारं फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, आणि इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब होल्डरसकट, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप. हा टेस्ट लॅम्प मीटरइतकाच महत्त्वाचा आहे. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून आतून कुजून एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा त्याला 12 व्होल्ट दाखवते. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथे वायरचं खरं रूप कळतं. ओहमवर लावून जाड केबल तपासण्यात तर काही अर्थ नाही. साधा मीटर 0.05 ओहम म्हणजे शून्यच समजतो, पण सेल्फ मारताना 150 अँपिअर जायला लागले की तेवढ्यात साडेसात व्होल्ट गायब होतात.

पहिलं काम, बॅटरीचं कुठलं टर्मिनल बॉडीला जोडलंय ते बघ. त्या काळच्या लुकास वायरिंगच्या गाड्या मुळात प्लस अर्थच्या असत, पुढे कित्येकांनी उलट्या करून घेतल्या. तुझी मायनस अर्थ आहे असं धरून लिहितोय, नसेल तर मीटरच्या वायरी उलट लाव. केबल काढताना आधी अर्थची काढायची, बसवताना ती शेवटी. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेव.

आता बॅटरी. रात्रभर दोन्ही केबल काढून ठेव आणि सकाळी मोज. 12.6 च्या आसपास असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. पूर्ण चार्ज करून, केबल काढून ठेवलेली बॅटरीही दोन दिवसांत 12.3 वर आली, तर दोष तिचाच. हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी, मिळाला तर सहाही सेल बघ. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.05 नं कमी असेल, तर ती बॅटरी गेली. आणखी एक गंमत करून बघ. मीटरचं काळं टोक मायनसवर ठेव आणि लाल टोक नुसतं बॅटरीच्या वरच्या प्लॅस्टिकवर, झाकणांच्या मधे टेकव. एक-दोन व्होल्ट दिसले, तर वर साचलेल्या अ‍ॅसिडमिश्रित धुळीतूनच ती रोज थोडी थोडी उतरतेय. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसून घे, फक्त सोड्याचं पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नकोस.

बॅटरी चांगली निघाली तर लीक शोध. चावी बंद, सगळे दरवाजे लावलेले, अर्थची केबल काढ आणि टर्मिनल व केबल यांच्या मधे टेस्ट लॅम्प लाव. लॅम्प लागला तर मोठी गळती आहे. नाही लागला, तर त्याच जागी मीटर 10 अँपिअरवर लाव. मीटर तिथे असताना चुकूनही सेल्फ मारू नकोस, मीटरचा फ्यूज उडेल. ज्या गाडीत घड्याळ नाही, स्टिरिओ नाही, तिथे आकडा शून्यच हवा. 0.2 अँपिअर दिसले तर दिवसाला जवळजवळ पाच अँपिअर-तास गेले, चार दिवसांत एकोणीस. कुठे तरी 5 वॅटचा एक दिवा आतल्या आत जळत राहिला, तर चार दिवसांत चाळीस. आकडा दिसत असताना एकेक फ्यूज काढत जा. पण लुकासच्या मूळ पद्धतीत फ्यूज दोनच, एक कायम चालूचा आणि एक चावीचा. हेडलाइट आणि चार्जिंग दोन्ही फ्यूजबाहेर. म्हणून फ्यूज काढून आकडा हलला नाही तर घाबरू नकोस, डायनामोची जाड, म्हणजे डी टर्मिनलची वायर काढून बघ. तिथे आकडा पडला तर कटाऊटचे, म्हणजे डायनामो बॅटरीला आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटलेत. चावी बंद करूनही चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहिला, तर तेच कारण समज आणि बॅटरीची केबल ताबडतोब काढ, कारण बॅटरी डायनामोलाच मोटर करून फिरवायला बघतेय आणि वायरी तापतायत.

फ्यूजवरून आठवलं. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, तो वितळण्याचा आकडा. तो सतत 17 अँपिअरच वाहून नेतो. आताच्या ब्लेड फ्यूजवर सतत वाहून नेण्याचा आकडा असतो. त्यामुळे 35 च्या जागी 35 चा ब्लेड फ्यूज कोणी बसवला असेल तर काढ आणि 15 चा लाव, नाहीतर फ्यूजच्या आधी वायर जळेल. फ्यूज सारखा उडत असेल तर चार फ्यूज जाळू नकोस. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लाव. शॉर्ट असेल तोवर तो लख्ख जळेल. मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशमधल्या पत्र्याच्या) रबरी बुशापासून हलवत, वाकवत जा. ज्या ठिकाणी लॅम्प मंदावेल, तिथेच सोललेली वायर पत्र्याला टेकतेय.

डायनामोवर इतक्यात आरोप नको. आधी तो फिरवणारा पट्टा बघ, लांब बाजूला अंगठ्यानं दाबला तर साधारण 12 मिलिमीटर दबायला हवा. मग डायनामोची डी आणि एफ दोन्ही टर्मिनल मोकळी कर, ती दोन्ही एका वायरनं एकमेकांना जोड, मीटर त्या जोडावर आणि डायनामोच्या बॉडीवर लाव आणि इंजिन हळू सुरू ठेवून जरासंच वाढव. व्होल्ट सरसर चढून 20 कडे जायला हवेत. चढले की लगेच थांब, इंजिन रेस करू नकोस. चढले तर डायनामो निर्दोष, दोष कटाऊटमध्ये किंवा वायरीत. अर्धा-एक व्होल्टवर अडला तर फील्ड (आतलं स्थिर वेटोळं), चार-पाचवर अडला तर आर्मेचर (फिरणारं वेटोळं), अजिबात काहीच नाही तर ब्रश (आर्मेचरला टेकणारे कार्बनचे तुकडे). डायनामोच्या मागच्या टोपणावर तेलाचं भोक असतं, त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब घाल. ते कोणीच घालत नाही.

आता पिवळे दिवे. दोन 45 वॅटचे बल्ब मिळून साडेसात अँपिअर घेतात, आणि तो सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून, डिपरमधून आणि पाच-सहा बुलेट जोडांतून (वायरीचं गोळीसारखं पितळी टोक रबरी बाहीत खुपसून केलेले जोड) फिरून येतो. दिवे चालू ठेवूनच मोज. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर, आणि दुसरं बल्बच्या होल्डरमधल्या प्लसवर. तिथे दिसतो तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. मग तसंच बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनस खांबापर्यंत. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. तुझ्याकडे दीड-दोन निघाले तरी मला नवल वाटणार नाही. व्होल्टेज 10 टक्के घटलं की उजेड 30 टक्के घटतो, मग डायनामो बदलून काय होणार? एकेक जोड ओलांडत मोजत जा. एका जोडावर 0.1 पेक्षा जास्त दिसलं की तो उघड. रबरी बाही मागे सरकव, आत पितळी बुलेटवर हिरवट पावडर दिसेल आणि बाहीतली पत्र्याची नळी काळी पडलेली असेल. बुलेट पॉलिश पेपरनं पिवळी धमक कर, बाही नवीनच घाल, वर थोडं व्हॅसलीन. हेडलाइटची काळी वायर ज्या स्क्रूखाली आहे तिथला रंग खरवडून पत्रा उघडा कर.

इतकं करून पुरलं नाही तर दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारे स्विच, बसव. सोलेनॉइडवर (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचवर) बॅटरीची केबल येते त्या नटावरून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, 15 चा फ्यूज, तिथून रिलेचं 30 नंबरचं टर्मिनल. 87 बल्बला, 85 अर्थला आणि 86 ला हेडलाइटची जुनी वायर. एक अप्परला, एक डिपरला. पण 130/100 वॅटचे बल्ब घालायचा मोह टाळ. दोन मिळून अप्परवर जवळपास 22 अँपिअर घेतात, आणि लुकासचा सी-40 डायनामो जास्तीत जास्त तेवढेच देतो. मग इग्निशन आणि वायपर चालणार कशावर?

अर्थबद्दल बोलतोच आहोत तर इंजिनचा अर्थचा पट्टा बघ. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याचा पट्टा लागतो. तो तुटला किंवा रंगावर बसवला, की सेल्फचा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची तार गरम लागली तर दुसरं काही शोधू नकोस. सेल्फ मारत असताना इंजिन ब्लॉक ते बॅटरीचा मायनस खांब 0.2 व्होल्टच्या आत यायला हवा, आणि प्लस खांब ते सेल्फचा नट अर्ध्याच्या आत.

राहिली घाटातली तक्रार. बंद पडल्याबरोबर, थंड व्हायच्या आत, कॉईलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून काढून ब्लॉकपासून 6 मिलिमीटरवर धर, कोरड्या फडक्यानं, आणि सेल्फ मारायला सांग. निळी, कडकडणारी ठिणगी पडली तर कॉईलला सोड, पेट्रोलच्या पाइपाकडे आणि पंपाकडे बघ. पिवळी, मरगळलेली पडली तर चावी चालू ठेवून डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असताना कॉईलच्या सीबी टर्मिनलवर (जिथून पॉइंटकडे वायर जाते) अर्थच्या तुलनेत व्होल्ट मोज. 0.2 च्या आत हवं. जास्त असेल तर पॉइंट जळालेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली ती केसासारखी विणलेली वायर कव्हरच्या आत तुटलीय. इंजिनच्या व्हॅक्यूमनं पॉइंटची प्लेट फिरली की ती सुटते आणि पुन्हा टेकते, वरून मात्र धडधाकट दिसते. चिमट्यानं हलकेच ओढून बघ, रबरासारखी ताणली तर गेलीच. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेकडी असेल तर कंडेन्सर बदल, गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेव. आणि कॉईल बदलायच्या आधी तिचा आतला रोध मोज. बॅलास्टशिवायच्या (कॉईलच्या आधी वेगळा रोध नसलेल्या) गाडीला 3 ओहमची कॉईल लागते. दुकानदारानं कधी काळी दीड ओहमची दिली असेल, तर ती चारच्या जागी आठ अँपिअर ओढते, तापते आणि पॉइंट खाते. चढावर बंद पडायला तेवढं पुरे.

रविवारी मोजायला बसशील तेव्हा आकडे वहीत लिहून मला पाठव. पण प्रत्येक आकड्याशेजारी मीटरची दोन टोकं कुठे होती आणि त्या वेळी काय चालू होतं तेही लिही. नुसतं ‘12 व्होल्ट आले’ लिहिलंस तर मी इथून काहीच सांगू शकणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद